बारगीर आणि बर्गी : परमुलखांतील शिपायाच्या शिक्षणाचा विचार

(१)

आमचें दुधनी गांव सोलापूर जिल्ह्याच्या अगदीं कडेस, अक्कलकोट तालुक्यांत, सोलापुराहून कलबुर्गीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेलें आहे. येथें पुष्कळ घरांत कानडी, शाळेंत व कचेरींत मराठी, आणि बाजारांत दोन्ही, शिवाय दखनी, असा भाषांचा व्यवहार चालतो. इ. स. १९४८ पावेतों गांवापासून थोड्या कोसांवर निजामाचा अंमल सुरू होत असे. त्यामुळें बखरींत वारंवार येणारा 'परमुलूख' हा शब्द मुलांस समजावून देतांना आम्हांस कधीं फारसे श्रम पडले नाहींत. अनेकांचें आजोळच एके काळीं परमुलखांत होतें.

आमच्या हाताखालीं शिकलेला एक विद्यार्थी पायदळांत भरती झाला आणि पुढें संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेबरोबर काँगो देशास जाऊन आला. रजेवर गांवीं आला असतां तो आम्हांस भेटावयास आला व तिकडील हकीकत सांगूं लागला. निघण्यापूर्वीं त्यांस कित्येक दिवस धडे दिले होते. त्या देशांत कोणत्या जाति व भाषा आहेत, गांवच्या मुख्यास कसें भेटावें, स्त्रियांशीं कसें वागावें, कशाचें छायाचित्र घेऊं नये, कोणती वस्तु कोणाकडून स्वीकारूं नये, हें सर्व त्यांत होतें. हें सांगून झाल्यावर तो किंचित् थांबला व म्हणाला, "गुरुजी, आमच्या तुकडींत वर्धमान जिल्ह्यांतला एक बंगाली होता. मी मराठी आहें असें कळतांच तो हंसून म्हणाला, 'म्हणजे तूं बर्गी!' त्याच्या आईनें त्याला लहानपणीं ह्याच नांवाचा धाक घालून निजविलें होतें. आपण आम्हांस बंगालची चौथाई शिकविलीत. हें कां शिकविलें नाहींत? आपल्या लष्करास असे धडे पूर्वीं कोणी देत नव्हतें काय?"

आम्हीं तीस वर्षांवर इतिहास शिकविला, परंतु ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं तयार नव्हतें. तें शोधीत असतां जें हातीं लागलें तें ह्या लेखांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

(२)

प्रथम शास्त्र काय सांगतें तें पाहूं. जिंकलेल्या देशाचा आचार जपावा हा विचार आपल्या राजनीतींत फार जुना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायांत, राजधर्माच्या प्रकरणीं, वश झालेल्या देशाचे आचार, व्यवहार व कुलधर्म होते तसेच राखावे असें सांगितलें आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांतही जेत्यानें तेथील देवतांची पूजा करावी, लोकांस अभय द्यावें व त्यांचे धर्म प्रमाण मानावे असा उपदेश आहे. कौटिलीय अर्थशास्त्र ह्याहून पुढें जातें. शामशास्त्री ह्यांनीं इ. स. १९०९ मध्यें म्हैसुरास हा ग्रंथ प्रथम छापून प्रसिद्ध केला. त्याच्या तेराव्या अधिकरणांत 'लब्धप्रशमन' नांवाचा विषय आहे. तेथें राजानें नव्या प्रजेसारखाच वेष, भाषा व वागणूक पत्करावी आणि तिच्या उत्सवांत व मेळ्यांत भक्तिभावानें सामील व्हावें, असा सल्ला दिला आहे. हा सल्ला भूतदयेचा नसून हिशेबाचा आहे. जो प्रजेविरुद्ध वागतो त्याच्यावर कोणाचा विश्वास बसत नाहीं, हें कौटिल्य जाणून होता.

परंतु ह्या सर्व वचनांत एक उणीव राहते. हीं सर्व वचनें राजास उद्देशून आहेत. परमुलखांतील कुणब्याच्या दाराशीं राजा जात नाहीं. तेथें घोड्यास दाणा व स्वतःस भाकर शोधणारा शिपाई जातो. कुणब्याच्या दृष्टीनें तोच राजा. राजास सांगितलेलें शहाणपण ह्या शिपायापर्यंत कोणीं व कसें पोंचविलें, हा खरा ऐतिहासिक प्रश्न होय.

(३)

मराठ्यांच्या इतिहासांत ह्या प्रश्नास दोन उत्तम उत्तरें सांपडतात. पहिलें कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरींत आहे. ती बखर राजाराम महाराजांच्या काळीं जिंजीस लिहिली गेली. शिवछत्रपतींच्या लष्कराचे नियम देतांना सभासद सांगतो कीं, लष्करानें चार महिने छावणींत राहावें व आठ महिने परमुलखांत जावें. बरोबर बायको, बटीक किंवा कलावंतीण नसावी. परमुलखांत स्त्रिया व मुलें धरूं नयेत. गाय धरूं नये, बैल केवळ ओझ्यापुरता घ्यावा. ब्राह्मणांस उपद्रव देऊं नये. निघतांना प्रत्येकाच्या चीजवस्तूची याद होई, परत येतांना झडती होई, आणि अधिक निघेल त्याचा जाब द्यावा लागे. हे नियम पाळले जात, ह्याची साक्ष शत्रुपक्षाकडूनही मिळते. खाफीखान हा महाराजांविषयीं अपशब्दच फार लिहितो. परंतु मशिदी, कुराण व स्त्रिया ह्यांस धक्का लावूं नये अशी त्यांची सक्त ताकीद होती, व कुराणाची प्रत हातीं आल्यास ती आदरानें आपल्या मुसलमान अनुयायास देत, हें तो नाइलाजानें कां होईना, पण नमूद करितो. इ. स. १६७७ मध्यें महाराज कुतुबशाहीच्या मुलखांतून भागानगरास गेले, तेव्हां वाटेंत रयतेस उपसर्ग होऊं नये व जें लागेल तें विकत घ्यावें अशी आज्ञा होती, आणि ती मोडणारांस शिक्षा झाल्या.

दुसरें उत्तर ह्याहून महत्त्वाचें आहे. चिपळुणाजवळील हलवर्ण गांवीं मुक्कामास असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकून ह्यांस महाराजांनीं राज्याभिषेकापूर्वींच्या काळांत लिहिलेलें पत्र प्रसिद्धच आहे. चिपळूण हा परमुलूख नव्हता, स्वराज्यच होतें, हें खरें. परंतु देशावरील शिपायास कोंकणची रयत परकीच. शिवाय जो शिपाई स्वतःच्या रयतेशीं नीट वागत नाहीं तो परक्या रयतेशीं वागेल ही आशा व्यर्थ आहे. म्हणून ह्या पत्राचा विचार येथें करणें योग्य होय.

ह्या पत्राचें वर्णन बहुधा 'रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावूं नये' ह्या एका वाक्यानें होतें व तेवढ्यावरच थांबतें. आम्हांस तें शिक्षकाच्या दृष्टीनें वाचण्यासारखें वाटतें. त्यांतील विचारांचा क्रम असा आहे. प्रथम पुरवठ्याचा हिशेब: पावसाळ्यासाठीं दाणा व गवत सांठविलें आहे, तें आतांच हवें तसें उधळलें तर ऐन पावसांत मिळणार नाहीं व घोडीं मरतील. मग त्याचा परिणाम: दाणा संपला कीं तुम्ही रयतेस उपद्रव देऊं लागाल, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लांकडें, कोणी भाजी. मग त्याचाही परिणाम: कुणबी परागंदा होतील, कित्येक उपाशी मरतील आणि त्यांस मोगलांपेक्षांही तुम्ही वाईट वाटाल. मग उपाय: शिपायांस पैसा दिला आहे, जें पाहिजे तें बाजारांतून विकत आणावें. शेवटीं आगीची काळजी: कोणी स्वयंपाक करील, कोणी तंबाखू ओढील, रात्रीं दिवा तसाच ठेविला तर उंदीर जळती वात ओढून नेईल, गवतास आग लागेल आणि सारी पागा बुडेल.

पत्रांत आज्ञा आहे, धमकीही आहे; परंतु तिच्याआधीं कारण आहे. उंदीर जळती वात ओढून नेतो, हें चित्र हवालदाराच्या डोळ्यांपुढें उभें राहावें म्हणून तें काढिलें आहे. चांगला शिक्षक असेंच करितो. नियमाचा हेतु ज्यास समजला तो, नियमांत न लिहिलेला प्रसंग आला तरी, नीट वागूं शकतो. ज्यास केवळ नियम पाठ आहे तो त्यांतील पळवाटा शोधतो.

आणखी एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पागेची रचना सभासद देतो ती अशी कीं, पंचवीस बारगिरांस एक हवालदार, पांच हवालदारांस एक जुमलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा व सरकारी पगार खाणारा स्वार तो बारगीर. म्हणजे चिपळूणचें पत्र ज्या हवालदारांस व जुमलेदारांस लिहिलें त्यांच्या हाताखालीं बारगीरच होते. भाजीच्या देठाचा तो धडा बारगिरासाठीं होता.

(४)

आतां ह्याच शब्दाची पुढील गति पाहूं. इ. स. १७४२ मध्यें नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले आणि पुढें इ. स. १७५१ च्या तहापर्यंत तो प्रांत स्वाऱ्यांखालीं भरडून निघाला. त्या तहानें ओरिसा भोसल्यांकडे आला व बंगालच्या चौथाईबद्दल सालीना बारा लक्ष रुपये ठरले. आमच्या पाठ्यपुस्तकांतील हकीकत येथें संपे, व आमचा तासही येथेंच संपे.

बंगाली माणसाची हकीकत येथें संपत नाहीं. वर्धमानच्या राजाचा सभापंडित बाणेश्वर विद्यालंकार ह्यानें इ. स. १७४४ च्या सुमारास रचिलेल्या 'चित्रचंपू' ह्या संस्कृत ग्रंथांत शाहूराजाच्या फौजेच्या निर्दयपणाचें वर्णन केलें आहे. गंगाराम नांवाच्या कवीचें 'महाराष्ट्रपुराण' हें बंगाली काव्य १७५१ च्या सुमाराचें आहे. त्याची रचना मोठी विचारांत पाडणारी आहे. पृथ्वी पापानें भारावली म्हणून शंकरानें शाहूराजास प्रेरणा दिली व मराठे बंगालांत आले, असा त्याचा आरंभ आहे. म्हणजे कवि मराठ्यांस आरंभीं ईश्वरी दूतच मानतो. परंतु ते गांवें जाळूं लागले, ब्राह्मण, वैष्णव व स्त्रिया ह्यांचा छळ करूं लागले, तेव्हां देवी रुष्ट झाली, तिनें भास्करपंतांचा पक्ष सोडला व ती नवाबाच्या बाजूस गेली. कलकत्त्याच्या इंग्रजांनीं ह्याच भयानें १७४२ मध्यें खंदक खणण्यास प्रारंभ केला. तो 'मराठा खंदक' ह्या नांवानें प्रसिद्ध झाला. आणि घरोघर आया मुलांस निजवितांना 'बर्गी' आल्याचें गाणें म्हणूं लागल्या. बारगीर शब्दाचा हा बंगाली अपभ्रंश. ज्या शब्दासाठीं चिपळूणचा धडा लिहिला गेला, तोच शब्द सत्तर वर्षांनीं पूर्वेकडे बागुलबोवाचें नांव झाला.

येथें एक प्रसंग विशेष चिंतनीय आहे. १७४२ च्या शरदांत भास्करपंतांनीं काटव्याजवळ दुर्गापूजेचा मोठा थाट मांडिला. वरवर पाहतां कौटिल्याचा उपदेश अक्षरशः पाळला गेला. त्या देशाची देवता, त्या देशाचा उत्सव व त्यांत भक्तीनें सामील झालेला सेनापति! परंतु पूजेची सामग्री जमीनदारांवर सक्ति करून उभी केली होती आणि भोंवतालचीं गांवें लुटलेलीं होतीं. उत्सव पुरा होण्यापूर्वींच अलीवर्दीखानानें पहांटे छापा घातला व मराठ्यांस पळावें लागलें. पुढें १७४४ मध्यें ह्याच नवाबानें भेटीस बोलावून भास्करपंतांचा दग्यानें वध केला, हें कृत्य निंद्यच होय. परंतु त्या वधाबद्दल बंगाली रयतेच्या डोळ्यांत पाणी आलें असेल असें गंगारामाचें काव्य वाचून वाटत नाहीं.

सत्तर वर्षांत शिपायाचा स्वभाव पालटला काय? आमच्या मतें पालटली ती व्यवस्था. चिपळूणच्या बारगिरास पगार होता, दाण्याचा सांठा होता, नियमाचें कारण सांगणारा धनी होता, आणि परत येतांना झडती होती. बंगालच्या फौजेचा निर्वाह ज्या मुलखांत ती गेली त्या मुलखावरच होता. लुटीवर पोट भरणाऱ्यास देशाचार शिकविणें म्हणजे वाघास पंचांग सांगण्यासारखें आहे.

(५)

कोणी म्हणेल कीं नागपूरकरांची गोष्ट निराळी, पुण्याच्या शिस्तींत असें घडलें नसतें. दुर्दैवानें तेंही खरें नाहीं. इ. स. १७९१ मध्यें, टिपूवरील तिसऱ्या म्हैसूर युद्धांत, पटवर्धनी फौजेबरोबरच्या लुटारूंनीं शृंगेरीचा मठ लुटला. पेशव्यांचें राज्य गोब्राह्मणप्रतिपालनाचा अभिमान बाळगी. शृंगेरीस आद्य शंकराचार्यांचें पीठ. आणि त्यावर हात पडला तो मराठी लष्कराच्या छायेंतील लोकांचा. स्वामींनीं टिपू सुलतानास लिहिलें, आणि टिपूनें शारदेच्या पुनः प्रतिष्ठेसाठीं मदत पाठविली. हीं पत्रें म्हैसूरच्या पुराणवस्तु खात्याचे प्रमुख नरसिंहाचार ह्यांस इ. स. १९१६ मध्यें मठांत मिळालीं. टिपूच्या इतर कृत्यांविषयीं कोणाचें कांहींही मत असो, ह्या एका प्रकरणीं मठाचा कैवारी तो ठरला व आम्ही उपद्रवी ठरलों.

ह्या प्रसंगीं ज्ञानाचा अभाव होता असें म्हणतां येत नाहीं. शृंगेरी म्हणजे काय हें सरदारांस ठाऊक होतें. परंतु लष्कराबरोबर फिरणाऱ्या पेंढाऱ्यांस पगार नसे, उलट लुटींतील हिस्साच सरकारांत भरावा लागे. धन्याचें ज्ञान व अनुचराचें पोट ह्यांमध्यें पूल नव्हता. आमच्या दुधनीच्या कानडी शेजाऱ्यांपुढें ही हकीकत सांगतांना आम्हांस मान खालीं घालावी लागते. परंतु न सांगणें हें त्याहून वाईट.

(६)

अर्वाचीन काळीं शिपायास परदेशाचे आचार शिकविण्याची पद्धति पुष्कळ व्यवस्थित झाली आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या युद्धखात्यानें आपल्या शिपायांसाठीं देशोदेशींच्या लहान पुस्तिका छापिल्या. १९४२ मध्यें ब्रिटनची, १९४३ मध्यें इराकची. इराकच्या पुस्तिकेंत मशिदींत शिरूं नये, डाव्या हातानें खाऊं नये, स्त्रियांकडे टक लावून पाहूं नये, अशा सूचना आहेत. स्वतंत्र भारताच्या सैन्यावर असाच प्रसंग प्रथम कोरियांत आला. १९५३ च्या युद्धविरामानंतर मायदेशीं परतण्यास नाखूष असलेले बावीस हजारांवर चिनी व कोरियन कैदी भारतीय फौजेच्या ताब्यांत दिले गेले. तटस्थ राष्ट्रांच्या मंडळाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि रखवालदार फौजेचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडील मेजर जनरल शंकरराव थोरात होते. भारतीय शिपायानें आपल्या भूमीवर पाऊल ठेवूं नये असा दक्षिण कोरियाच्या सरकारचा हट्ट. म्हणून फौजेस जहाजांवरून हेलिकॉप्टरनें निःशस्त्र पट्ट्यांत न्यावें लागलें. कैदी संशयानें भरलेले, भाषा अपरिचित. एका भारतीय मेजरास कैद्यांनीं आपल्या कुंपणांत ओढून धरिलें, तेव्हां थोरात स्वतः आंत गेले आणि त्यास सोडवून आणिलें. पुढें गोळीबाराचे प्रसंग सर्वस्वीं टळले नाहींत, कांहीं कैदी मेलेही. तथापि १९५४ च्या आरंभीं तें बिकट काम पार पडलें. थोरातांस त्याबद्दल अशोकचक्राचा दुसरा वर्ग मिळाला. इ. स. २००० मध्यें नव्या दिल्लींत शांतिसेनेच्या शिक्षणासाठीं स्वतंत्र केंद्र निघालें. आमच्या विद्यार्थ्यास मिळालेले धडे त्याच परंपरेंतले होत.

तथापि धडे असले म्हणजे भागलें असें नाहीं, हेंही आमच्याच काळांत दिसलें. शांतिसेनेचा शिपाई पगारी असतो, त्याची शिधासामग्री बरोबर असते. तरीही आश्रितांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी येऊं लागल्या, म्हणून राष्ट्रसंघाच्या महासचिवांस इ. स. २००३ मध्यें सक्त मनाईचा आदेश काढावा लागला; आणि त्यानंतरही काँगोंतूनच तशा तक्रारी आल्या. म्हणजे पोट भरलेलें असणें व कारण समजणें ह्या दोहोंस सभासदानें सांगितलेल्या झडतीची, म्हणजे जाब विचारण्याची, जोड असावीच लागते. तिहींपैकीं एक तुटलें कीं उरलेलीं दोन लंगडीं पडतात.

मराठी शिपायाची परदेशांतील सर्वच आठवण बर्गीच्या गाण्यासारखी नाहीं, हें सांगणें न्यायाचें होईल. कुलाबा जिल्ह्यांतील नाईक यशवंत घाडगे हे मराठा पलटणींतून इटलींत लढतांना १० जुलै १९४४ रोजीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, पडले. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जुलै २०२३ मध्यें इटलींतील मोंतोने गांवानें त्यांच्या स्मरणार्थ एक छायायंत्र उभारिलें. आपण सारे एकाच सूर्याखालीं राहतों, अशा आशयाचा लेख त्यावर आहे. हें स्मारक शौर्याचें आहे. त्यावरून तेथील प्रत्येक मराठी शिपायाचें आचरण निर्दोष होतें असें सिद्ध होत नाहीं, व तसें आमचें म्हणणेंही नाहीं. परंतु घाडगे तेथें ब्रिटिश साम्राज्याच्या फौजेंतून गेले असतां, जवळजवळ ऐंशी वर्षांनीं एका परक्या गांवास त्यांचें नांव आपल्या भूमींत ठेवावेंसें वाटलें, ह्यास कांहीं अर्थ आहे.

(७)

आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं दिलेलें उत्तर थोडक्यांत असें. असे धडे पूर्वीं होते. किंबहुना चिपळूणच्या पत्राएवढा चांगला धडा अलीकडील पुस्तिकांतही क्वचितच सांपडेल. परंतु ते पुढें चालविण्याची व्यवस्था मोडली, आणि तिचें प्रायश्चित्त तुला बराकींत एका शब्दाच्या रूपानें भोगावें लागलें. आम्हीं तें वर्गांत सांगितलें नाहीं हा दोष आमचा. ह्यावर तो म्हणाला, "मग त्या बंगाल्याला मी काय सांगूं?" आम्हीं म्हटलें, "त्याला चिपळूणचें पत्र वाचून दाखव. मात्र त्याआधीं त्याचें गाणें पुरें ऐकून घे."

ह्या विषयाचें बरेंच साधन अद्याप घराघरांतून पडलें असावें. मेसोपोटेमिया, आफ्रिका, इटली, ब्रह्मदेश, कोरिया किंवा काँगो येथें नोकरी करून आलेल्या शिपायांचीं पत्रें, त्यांस मिळालेल्या सूचनापुस्तिका, परदेशी मित्रांनीं धाडलेलीं पत्रें, हें सर्व इतिहासाचें साधन होय. त्यांत आपली नामुष्की असली तरी तें साधनच आहे. ज्या वाचकांच्या पेट्यांतून असे कागद असतील त्यांनीं ते वाळवीच्या हवालीं न करितां त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या, अशी आमची विनंति आहे.